आठ दिवसांचा अबोला

कुलशेखर, मंगळूर
९ सप्टेंबर

जोविता,

पाकिटाच्या तळाशी काही सुटं हाताला लागेल. ते नव्या भाताचे दाणे आहेत, सात. काल नव्या पिकाचा मोंती सण झाला. फादरनी आशीर्वाद दिलेली लोंबी घरी आणून सोलली आणि तुझा वाटा पोस्टानं धाडतेय. घरचं माणूस दूर असलं तर त्याचं नवं त्याला धाडायचं, ही आपली रीत. माणूस रागावून दूर गेलं असेल तर धाडू नये, असं मला कुणी सांगितलेलं नाही. फ्लोसी मावशीला दे, ती दुधात घालून देईल.

रिवाजाप्रमाणे पानावर सात भाज्या केल्या. एकट्या बाईला सात भाज्या म्हणजे थट्टाच. आता तीन दिवस तेच खायचं.

माझा नंबर तू बंद केलास. मावशीला फोन केला की ती म्हणते, "जोविता आंघोळीला गेलीय." दिवसातून चार वेळा आंघोळ करणारी मुलगी मी काही वाढवली नव्हती. म्हणून पत्र. फाडायचं झालं तरी पत्र आधी हातात घ्यावं लागतं.

दोन महिने झाले. कॉलेजनं तुला काढलं आणि तू बॅग उचलून सरळ मडगावच्या गाडीत बसलीस. वाटेत घर होतं, पण उतरली नाहीस. का, ते मला अजिबात कळत नाही असं मी म्हणणार नाही. पण बाये, ते घडलं त्या दिवशी तू रडत फोन केलास तेव्हा मी विचारलं काय? एवढंच ना, की "केसपेपर वाचला होतास का?" चौतीस वर्षं वॉर्डात काढलेली कुठलीही सिस्टर आधी हेच विचारेल. दुसऱ्या कुणाची लेक असती तरी मी हेच विचारलं असतं.

आणि सोसायचं म्हणशील तर आम्ही काय कमी सोसलं? मला एका सिस्टरनं इंजेक्शनचा ट्रे फेकून मारला होता. माझ्या कपाळावरच्या खुणेला लहानपणी बोट लावून तू विचारायचीस, आणि मी सांगायची, विहिरीवर पडले. आम्ही घरी रडत गेलो नाही. सोसलं म्हणून घडलो.

खोकला होता म्हणाली फ्लोसी. मिरी घालून काढा घे.

माय


१७ जानेवारी

जोविता,

परवा फ्लोसीनं मला खरं काय ते सांगितलं. बेळगावच्या कॉलेजनं तुला घ्यायला नकार दिला. तुझ्या दाखल्यावरची ओळ वाचून त्यांनी कागद परत केले: 'निष्काळजी. रुग्ण सोपवण्यास अयोग्य.' ही ओळ आहे तोवर तुला कुठलंही नर्सिंग कॉलेज उंबरठा चढू देणार नाही, हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. अशा ओळी मीही लिहिल्या आहेत.

आणखी एक सांगितलं तिनं, तेही हसत हसत. "अगं अपोलिन, पोरीला चष्म्याची हौस आलीय वाटतं! तीन डॉक्टरांकडे डोळे तपासून आली. तिघंही म्हणतात डोळे ठणठणीत आहेत, तरी चौथ्याचा पत्ता विचारतेय."

मी हसले नाही. फोन ठेवून दिला आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले.

आज सकाळी तुझ्या कॉलेजात गेले. माझा शब्द तिथे अजून चालतो. क्लार्कनं चौकशीची फाईल पुढ्यात ठेवली आणि पंखाही लावला. तुझ्यावर जे लिहिलंय ते दोन वेळा वाचलं. उल्लाळच्या कल्याणी अक्का, वय एकोणऐंशी, कानानं अधू, मांडीचं हाड मोडलेलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं, पण आधीच्या पेशंटचं रद्द झालं म्हणून त्यांचा नंबर त्याच सकाळी लागला. 'उपाशी ठेवावे' अशी सूचना केसपेपरवर सहा चाळीसला नोंदलेली. तरीही विद्यार्थिनी जोविता डिसोझा हिने साडेसातला त्यांना पेज भरवली. साडेनऊला भूल देताना उलटी होऊन ती छातीत गेली. चौथ्या दिवशी मृत्यू.

ड्यूटी बदलताना आधीची सिस्टर सगळ्यांना पेशंटची माहिती देते, तेव्हा तू तिथे का नव्हतीस, ते मात्र फाईलमध्ये कुठेच नाही. तू वॉर्डाच्या दाराबाहेर उभी होतीस. तुझ्या अबोल्याचा पाचवा दिवस होता. पेशंटच्या खाटेवर क्षणभर टेकलीस म्हणून आठ दिवस वॉर्डात कुणी तुझ्याशी बोलायचं नाही, माहिती देतानाही तू बाहेर, जी बोलेल तिलाही तीच शिक्षा. बोलायची मुभा फक्त पेशंटना. तू पहिल्यांदा हे मला सांगितलंस तेव्हा मी म्हणाले होते, "आठ दिवसांनी काही कुणी मरत नाही."

प्रेसिल्ला ट्यूटर भेटली. उठून उभी राहिली, मला आपली खुर्ची दिली. चहा मागवला. "तुम्ही निरोप धाडला असता तर मीच घरी आले असते, सिस्टर," म्हणाली.

बाये, एक गोष्ट तुला मी कधी सांगितली नाही. प्रेसिल्ला माझ्या हाताखाली शिकली, हे तुला ठाऊक आहे. अबोला हा कुणाचा शोध, ते ठाऊक नाही. तो माझा. मी वॉर्ड सिस्टर झाले त्या वर्षी काढला. ट्रे फेकून मारणारी सिस्टर मला व्हायचं नव्हतं. हात उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही, आवाजसुद्धा चढवायचा नाही, अशी शिक्षा मी शोधून काढली. त्याचा मला अभिमान होता. बाकीच्या वॉर्डांनी उचलली तेव्हा मी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

तुझ्या ॲडमिशनच्या वेळी मी प्रेसिल्लाला फोन करून सांगितलं, "माझी लेक म्हणून सूट देऊ नकोस. मी तुला जसं वागवलं तसंच तिला वागव." ती म्हणाली, "तसंच होईल, सिस्टर."

पायरीवर ऊन येतंय. इथेच थांबते.

माय


४ मे

बाये,

काल संध्याकाळी प्रेसिल्ला घरी आली. मीच बोलावलं होतं. तांदळाच्या सान्नां वाफवल्या होत्या, तिनं अर्धी खाल्ली. बावीस वर्षांपूर्वीही ती अशीच चिमणीसारखी खायची.

मी सरळ मुद्द्यावर आले. म्हटलं, "माझ्या पोरीच्या दाखल्यावरची ती ओळ काढून घे."

"कशी काढू, सिस्टर?"

"जशी घातलीस तशी."

तिनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "मला वाटायचं ती तक्रार करेल तुमच्याकडे. पहिल्या वर्षी अबोला दिला तेव्हा तुमच्या फोनची वाट बघत होते. तुम्ही फोन केलात आणि म्हणालात, 'चांगलं केलंस.' आठवतं?"

आठवतं. तू आतल्या खोलीत बॅग भरत होतीस, तुला ऐकू आलं नसेल.

"आणि मी?" ती म्हणाली. "माझ्या अबोल्याचे दिवस आठवतात तुम्हाला?"

इथे मला तुला एक सांगायलाच हवं. प्रेसिल्ला कारकळच्या कडेच्या एका गावातून आलेली. इंग्रजी येत नव्हतं, चप्पल फरफटत चालायची. नाडी मोजताना आकडा चुकला म्हणून मी तिला आठ दिवस दिले. सहाव्या दिवशी मी वॉर्डात शिरले तर ती कोपऱ्यातल्या खाटेपाशी वाकून बोलत होती. त्या खाटेवर तीन आठवडे बेशुद्ध असलेला माणूस होता. त्याचं अंग पुसता पुसता ती त्याला सांगत होती, घरची म्हैस व्यायलीय, पाऊस लांबलाय, धाकट्या भावाला शाळेत बक्षीस मिळालंय. मी दारात उभी राहून सगळं ऐकलं. आणि त्या दिवशी जेवताना मेसमध्ये इतर सिस्टरांना नक्कल करून दाखवली. सगळ्या इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. प्रेसिल्ला शेजारच्या टेबलावर होती.

काल तिनं ते सगळं शब्दाला शब्द सांगितलं. माझी नक्कल करण्याची ढबसुद्धा.

मी म्हटलं, "चुकलं माझं."

बाये, हे दोन शब्द मी नोकरीत कुणाला म्हटले नव्हते. वाटलं होतं, म्हटल्यावर ती रडेल, मी रडेन, आणि ओळ निघेल. ती रडली नाही. हात धुऊन आली आणि पर्स उचलताना म्हणाली, "ओळ काढायची तर त्या दिवशी नेमकं काय झालं ते सांगावं लागेल, सिस्टर. मग मी तुम्हाला केलेल्या फोनचंही सांगावं लागेल. आहे तयारी?"

मी तिचं ताट उचललं. ती "देव बरे करूं" म्हणून निघून गेली.

कुठला फोन, ते तुला सांगायला मी हे पत्र लिहायला घेतलं होतं. नाही लिहवत. आजच्यापुरतं एवढंच.

माय


२५ जून

जोविता,

तीन वेळा लिहून फाडलं. आता खाडाखोड न करता लिहिते, औषधाची वेळ लिहावी तसं.

गेल्या वर्षी १० जुलैला सकाळी अकराच्या सुमारास प्रेसिल्लाचा मला फोन आला. दातावर दात आपटत होते तिचे. म्हणाली, "सिस्टर, घात झाला. एका पोरीनं उपाशी ठेवायच्या पेशंटला पेज भरवली. म्हातारी आयसीयूत आहे. पोरगी अबोल्यावर होती, माहिती देताना बाहेर उभी होती. आणि डॉक्टरांनी पहाटे फोनवर तोंडीच सांगितलं होतं. केसपेपर कोरा आहे."

मी विचारलं, "कोरा म्हणजे?"

"उपाशी ठेवा असं कुणी लिहिलंच नाही, सिस्टर. आता मी काय करू?"

मी भात गाळत होते. हातातलं भांडंसुद्धा खाली ठेवलं नाही. म्हटलं, "रडतेस काय? आधी केसपेपर भर. वेळ घाल सहा चाळीस. शाई तीच वापर. मग प्रिन्सिपलकडे जा."

पोरीचं नाव तिनं सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. मला विचारायची गरज वाटली नाही. कुणाची तरी पोर, चुकली असेल.

बारा वाजता तुझा फोन आला. तू कल्याणी अक्कांना पेज भरवल्याचं सांगितलंस आणि ती पोर कुणाची ते मला कळलं. आता मी तुला त्या सप्टेंबरच्या पत्रात जे अर्धंच लिहिलं ते पुरं लिहिते. मी विचारलं, "केसपेपर वाचला होतास का?" तू म्हणालीस, "वाचला होता, माय. दोनदा वाचला. कुणी बोलत नाही म्हणून मी सगळं दोनदा वाचते. त्यात काही नव्हतं." त्यावर मी म्हणाले, "नीट वाचला नसशील."

त्यात काही नव्हतं, हे मला तासाभरापूर्वीच कळलेलं होतं. शाई वाळली नसेल तोवर मी माझ्या लेकीला म्हणाले, नीट वाचला नसशील.

मग चौकशीत त्यांनी तुला तो कागद दाखवला. त्यावर सहा चाळीसची नोंद होती. तू बघत राहिलीस आणि कबुलीवर सही करून टाकलीस. फ्लोसीनं मला सांगितलंय तू काय म्हणतेस ते: "मावशी, मला ते दिसलंच कसं नाही?" एक वर्ष तू डॉक्टरांच्या पाट्यांवरची अक्षरं वाचत फिरतेस.

जोविता, तुझे डोळे चांगले आहेत. कागद कोरा होता. तू बरोबर वाचलंस. मला माहीत होतं.

तेव्हाच का सांगितलं नाही, म्हणशील. पहिल्या दिवशी भीती वाटली. निवृत्त होताना मिळालेलं पदक, चर्चमध्ये 'सिस्टर अपोलिन' म्हणून पुढच्या बाकावर मिळणारी जागा, प्रेसिल्लाची नोकरी. दुसऱ्या दिवशी वाटलं, म्हातारी वाचली तर सगळं आपोआप मिटेल. चौथ्या दिवशी ती गेली. त्यानंतर प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेला. दुसरं काही कारण नाही. मोठं काही कारण असतं तर बरं झालं असतं.

हे सगळं मी विद्यापीठाला लिहून दिलंय. सोमवारी रजिस्टर पोस्टानं गेलं. पोचपावतीची झेरॉक्स जोडलीय. प्रेसिल्लाला आधी फोन करून सांगितलं.  ती म्हणाली, "मीही लिहून देते." तिला दोन लहान मुलं आहेत.

फादरकडे पापाची कबुली दिली. ते म्हणाले, प्रार्थना करा, मुलीची माफी मागा. प्रार्थना केली. माफी मागायला मला तोंड नाही, म्हणून नुसतं काय घडलं ते लिहिलंय.

अपोलिन डिसोझा
(तुझी माय)


१२ सप्टेंबर

बाये,

काल विद्यापीठाच्या सुनावणीला तू होतीस. जे तू पाहिलंस ते मी पुन्हा काय सांगू! पण माझ्या खुर्चीवरून कसं दिसलं ते लिहिते. तू वाचशील का, माहीत नाही.

तू आणि फ्लोसी मागच्या दारानं आलात. तू बारीक झालीस. केस कापलेस, छान दिसतात. मी उठणार होते, फ्लोसीनं मान हलवून नको म्हटलं.

समितीवर तिघं होते. अध्यक्षबाई माझ्याच वयाच्या, निवृत्त प्रिन्सिपल. त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, ही अबोल्याची पद्धत वाईट आहे असं तुम्हाला कधीच वाटलं नाही?"

मी म्हटलं, "माझ्या लेकीच्या वाट्याला येईपर्यंत नाही. खरं सांगायचं तर आली तेव्हाही नाही. तिनं माझ्याशी बोलणं बंद केलं, मग हळूहळू कळायला लागलं."

त्यांनी ते लिहून घेतलं नाही. पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. कदाचित त्यांच्या कॉलेजातही असं काही असेल.

प्रेसिल्लानं सगळं कबूल केलं. तुझ्याकडे बघून "माझं चुकलं" म्हणाली. तू खिडकीकडे बघत होतीस. मला तिच्यासाठी वाईट वाटलं, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. लपवून झालं तेवढं पुरे.

निर्णय लगेच सांगितला. ओळ रद्द. नवा दाखला आठवड्यात मडगावच्या पत्त्यावर येईल, माझ्या नाही. मीच तसं लिहून दिलं. नोंदवहीतून माझं नर्स म्हणून असलेलं नाव काढावं, अशी शिफारस झालीय. कोऱ्या कागदावर मागाहून नोंद केल्याचं प्रकरण पोलिसांकडे जाईल. बोलावतील तेव्हा जाईन.

मला वाटलं, झालं सगळं. मग अध्यक्षबाईंनी कोपऱ्यात बसलेल्या माणसाला विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?" कल्याणी अक्कांचा तो मुलगा, दामोदर. बोटीवर काम करणारा. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. तो उभा राहिला. मी मान खाली घातली. वाटलं, आता हा मला जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं.

तो म्हणाला, "मी बोटीवर होतो तेव्हा. आई तीन आठवडे इथे दिवसभर एकटीच असायची. मला एवढंच विचारायचंय... त्या सकाळी ती जेवली, ती पोटभर जेवली का?"

सगळ्या खोलीत हे कुणालाच माहीत नव्हतं. एवढी मोठी फाईल, त्यातही नव्हतं.

तू उठलीस.

"हो, दामोदरण्णा," तू म्हणालीस. "अर्धी वाटी झाल्यावर मी थांबले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. अजून दे म्हणाल्या. लोणच्याची फोड चोखून चोखून खाल्ली. मग मला विचारलं, तुझं नाव काय गं? पाच दिवसांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी सांगितलं, त्यांना ऐकू गेलं नाही. मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. त्या हसल्या. म्हणाल्या, माझ्या सुनेचा आवाजसुद्धा असाच आहे, आमच्या घरी येऊन राहा."

दामोदर म्हणाला, "हो, बायकोचा आवाज मोठाच आहे." आणि तो हसता हसता रडायला लागला. तू जाऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलीस.

बाये, चौदा महिन्यांनी मी तुझा आवाज ऐकला. तो माझ्यासाठी नव्हता. तुम्ही दोघं बोलत होतात, आणि मला उठून बाहेर जायला हवं होतं. मी गेले नाही. तुझं बोलणं संपेपर्यंत बसून राहिले.

माय